चार चाकांची नावे

३ जुलै
एबीएसचं जुनं मॉडेल सिम्युलिंकमध्ये उघडलं. चारही चाकांचे वेग एका मक्समध्ये कोंबलेत. एकाही तारेवर नाव नाही.

४ जुलै
कोरड्या रस्त्यावर ब्रेक. आलेख छान. सगळे खूश. मला खात्री वाटत नाही.

७ जुलै
आज डावी चाकं निसरड्यावर, उजवी कोरड्यावर. मागचं डावं चाक लॉक. दाब सुटतोय पुढच्या उजव्याचा! चांगली पकड असलेल्या चाकाचा. एरर नाही, वॉर्निंग नाही.

रात्री. सापडलं. सेन्सरकडून क्रम येतो: पुढचं डावं, पुढचं उजवं, मागचं डावं, मागचं उजवं. कंट्रोलर धरून चालतो: आधी डावी दोन्ही, मग उजवी दोन्ही. दुसऱ्या-तिसऱ्याची अदलाबदल. लांबी दोन्हीकडे ४. सिम्युलिंक तक्रार करणार तरी कशाची? कोरड्यावर चारही चाकं जवळपास सारखीच वागतात, तिथे हे कधीच दिसलं नसतं.

८ जुलै
मक्स काढला. बस क्रिएटर. प्रत्येक तारेला नाव. पलीकडे बस सिलेक्टर नावानेच उचलतो.

९ जुलै
घसरणीचं गणित चारही चाकांवर एकदमच करायचंय, तिथे वेक्टरच बरा. बस थेट गेनला जोडली. डायग्नॉस्टिक एररवर ठेवलाय, अडलं.
सर म्हणाले, "तो बंद करून टाक, बस आपोआप वेक्टर धरली जाईल."
"नको सर. कुठे नावं सुटतात ते चित्रात दिसायला हवं."
बस टू वेक्टर ब्लॉक लावला. तोही अडला. एक वेग सिंगल, बाकीचे डबल. टाइप सारखे केले, चालला.

१० जुलै
दिवसभर पाऊस. हिंजवडीत गाड्या जागच्या हलेनात.
वेक्टरमधून बसकडे परतीची वाट: डीमक्स, मग बस क्रिएटर. नावं पुन्हा हातानेच द्यायची. खरा धोका इथेच. उद्या कुणी बसमध्ये गाडीचा वेग पाचवा म्हणून घातला तर? डीमक्सला नुसतं ४ सांगितलं असेल तर तो पाच सिग्नल २, १, १, १ असे वाटून देतो, गुपचूप. [१ १ १ १] लिहिलं की अडतो. तसंच लिहिलं.

१४ जुलै
पुन्हा अर्धा निसरडा रस्ता. दाब मागच्या डाव्याचाच सुटला. पुढचं उजवं नीट ब्रेक लावतंय. केवढं बरं वाटलं!
आता कोड जनरेशन. सीमध्ये स्ट्रक्चर हवं, म्हणजे नॉनव्हर्च्युअल बस. बस टू वेक्टरला मात्र व्हर्च्युअल लागते. आधी सिग्नल कन्व्हर्जन लावावा लागेल. सोमवारी सकाळी पहिलं तेच.