पदावरची बारीक ओळ

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या संगीत नाटकांतली पदं त्यांच्या काळी जशी गायली जात, तशीच ती गळ्यातून गळ्यात आपल्यापर्यंत आली आहेत, असं मी वीस वर्षं वर्गात छातीठोकपणे सांगत आलो. त्यामुळे एका विद्यार्थिनीनं एकोणिसाव्या शतकातल्या नाट्यसंगीतावर संशोधन करायचं ठरवलं, तेव्हा मी तिला सगळ्यांसमोर म्हणालो, ‘‘गाणं कागदावर सापडत नसतं. रियाज कर.’’ ते माझं चुकलं.

काही महिन्यांनी ती अण्णासाहेबांच्या ‘सौभद्र’ नाटकाच्या एका जुन्या छापील प्रतीची झेरॉक्स घेऊन आली. पदांच्या डोक्यावर कंसात, बारीक टाइपात, एक ओळ: ‘चाल’, आणि पुढे दुसऱ्याच कुठल्या तरी गाण्याचे पहिले दोन-तीन शब्द. म्हणजे पद त्या गाण्याच्या चालीवर म्हणायचं. ही ओळ मी शेकडो वेळा पाहिली होती आणि दर वेळी ओलांडून खाली गेलो होतो. तिनं त्या ओळींची वही केली होती. लावण्या, कीर्तनातली पदं, बायकांची गाणी, कानडी पदं. अण्णासाहेब बेळगावकडच्या गुर्लहोसूरचे. कानडी चाली त्यांच्या घराजवळच्याच. मधे मधे साक्या, दिंड्या.

‘‘सर, पहिल्या अंकातली पदं ओळीनं म्हणाल? ताना न घेता. गोष्ट पुढे न्यायची आहे, एवढंच धरून.’’

मी पेटी पुढे ओढली. एकेक पद मिनिटा-दीड मिनिटात संपू लागलं. तिसऱ्या-चौथ्या पदाला जाणवलं, मी गाण्यापेक्षा बोलतोच आहे. एरवी जिथे मी आलाप पसरतो, तिथे एक माणूस दुसऱ्याला काही सांगत होता आणि दुसरा उत्तर द्यायला खोळंबला होता.

मग मी साध्या तारखाच समोर मांडल्या. अण्णासाहेबांचं ‘शाकुंतल’ 1880 चं, ‘सौभद्र’ 1882 चं. या पदांचा गाजलेला गळा भाऊराव कोल्हटकरांचा. ते गेले 1901 साली. ग्रामोफोन कंपनीची माणसं ध्वनिमुद्रणासाठी कलकत्त्याला उतरली 1902 मध्ये. भाऊरावांचा एक सूरही आज ऐकायला मिळत नाही. मी जिला मूळ गायकी म्हणत होतो ती बालगंधर्वांच्या तबकड्यांतली. 1911 चं ‘मानापमान’, 1916 चं ‘स्वयंवर’ या नाटकांच्या काळात ख्यालाच्या अंगानं फुललेली. ती मला आजही जिवापाड प्रिय आहे. पण तिला 1882 ची साक्षीदार म्हणून उभं करणं खरं नव्हतं, आणि तेच मी किती तरी मुलांच्या मनात भरवलं.

त्या विद्यार्थिनीची माफी मागितली ती वर्गासमोर, जिथे बोललो होतो तिथेच.

आता पद सांगण्याआधी ती बारीक ओळ मुलांकडून मोठ्यानं वाचून घेतो. ती चाल कुणाच्या आजीला, गावातल्या कुणा कीर्तनकाराला येते का, ते विचारून या म्हणतो. वहीतल्या काही चाली अजून कुणालाच आलेल्या नाहीत. ती पदं आम्ही सध्या गात नाही, नुसती वाचतो.