शेवटचा फॅमिकॉम

एचएन११०३३३०९. जपानमध्ये २५ सप्टेंबर २००३ रोजी तयार झालेल्या एका व्हिडिओ गेमचा हा क्रमांक. हा फॅमिकॉम; त्यानंतर निन्टेंडो कंपनीनं दुसरा बनवला नाही. पहिला फॅमिकॉम दुकानात आला होता १५ जुलै १९८३ ला. त्याच्यावर बोटं दुखेपर्यंत खेळलेली मुलं एव्हाना आईबाप झाली होती. हा शेवटचा नग कंपनीनं विकला नाही, जपून ठेवला. आणि त्याच डिसेंबरात टोकियोच्या छायाचित्र-संग्रहालयात फॅमिकॉमच्या विशीनिमित्त प्रदर्शन भरलं, तेव्हा तिथं पाठवला.

त्या वीस वर्षांतली शेवटची नऊ मला विशेष ओढून घेतात. फॅमिकॉमसाठीचा शेवटचा अधिकृत खेळ निघाला जून १९९४ मध्ये. सुपर फॅमिकॉम त्याआधीच आलेला होता. पुढे निन्टेंडो ६४ आला, गेमक्यूब आला. खेळांची दुनिया सपाट पडद्यातून तिसऱ्या मितीत शिरली. आणि तरीही कुठल्याशा कारखान्यात फॅमिकॉम जोडला जात होता, खोक्यात भरला जात होता. नवा खेळ एकही नाही, यंत्र मात्र कोरं. ते कोण घेत असेल? ज्याच्या कपाटात कॅसेटी होत्या आणि ज्याचं जुनं यंत्र थकलं होतं, असा कुणीतरी. त्या माणसासाठी नऊ वर्षं एक वस्तू बनत राहिली. थांबली ती सुटे भाग मिळेनासे झाले म्हणून. आणि बनवणं थांबल्यावरही दुरुस्ती थांबली नाही. ती ऑक्टोबर २००७ पर्यंत चालू होती. चोवीस वर्षांपूर्वी विकलेली चीज आजारी पडली तर आमच्याकडे पाठवा, आम्ही बघतो, असं म्हणणाऱ्या माणसांविषयी मला मनापासून आदर वाटतो.

हा आदर नुसत्या टिकाऊपणापुरता नाही. फॅमिकॉम घडवला निन्टेंडोतल्या मासायुकी उएमुरा यांनी. क्योटोतल्या या कंपनीचा जन्म १८८९ चा, फुलांच्या चित्रांचे पत्ते बनवण्यातून झालेला. कंपनीचे प्रमुख हिरोशी यामाउची यांनी १९८१ मध्ये उएमुरांना सांगितलं, कॅसेट बदलून खेळता येईल असं घरगुती यंत्र करा. उएमुरांनी मुलांचा किती बारीक विचार केला होता! जपानी घरात मुलं जमिनीवर बसून खेळणार, हातातली वस्तू तिथंच टाकून उठणार, कुणीतरी तिच्यावर पाय देणार. म्हणून कंट्रोलरवर उभी दांडी नको. सहकारी गुनपेई योकोई यांनी हातातल्या छोट्या खेळांसाठी काढलेलं अधिक चिन्हाचं चपटं बटण घेतलं. कॅसेट बाहेर ढकलायला एक खटका बसवला. तो नसता तरी कॅसेट हातानं निघालीच असती. पण मुलांना तो दाबायला मजा येईल, एवढं कारण त्यांना पुरलं. दुसऱ्या कंट्रोलरमध्ये त्यांनी माइक दिला, मुलांचा आवाज टीव्हीतून बाहेर यावा म्हणून. १९८६ च्या ‘झेल्डा’ या खेळात मोठ्या कानांचे राक्षस त्या माइकमध्ये ओरडलं की मरत. १९९३ च्या डिसेंबरात यंत्राची नवी बांधणी आली, तिच्यात हा माइक राहिला नाही. मला त्याची हळहळ वाटते. खेळणाऱ्याच्या तोंडून निघालेल्या आरोळीला त्या यंत्रात जागा होती.

आत सामान तरी किती होतं? कामापुरती स्मृती दोन किलोबाइट. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची अख्खी कॅसेट चाळीस किलोबाइटची; आज फोनवर आलेला साधा फोटो तिच्या कितीतरी पट मोठा असतो. जागा वाचवायची म्हणून त्या खेळातले ढग आणि झुडपं एकाच चित्रातून काढलेली आहेत. वर पांढरा रंग, खाली हिरवा. हे मला मोठेपणी कळलं, आणि कळल्यावर तो खेळ आणखीच आवडला. अपुऱ्या साहित्यात चार माणसांचं पोटभर जेवण रांधणारी बाई जशी मनात भरते, तसं काहीसं झालं.

आपल्याकडे मात्र फॅमिकॉम हे नाव घराघरात कधी आलंच नाही. आलं ते यंत्र, तेही नकलेच्या रूपात. ‘लिटल मास्टर’ किंवा ‘मीडिया’ अशा नावांनी, दुसऱ्याच प्लास्टिकच्या अंगरख्यात. आम्ही त्याला नुसतं ‘व्हिडिओ गेम’ म्हणायचो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळायचा, गावोगावी कॅसेटच्या दुकानात तासावर खेळायला मिळायचा. टीव्हीच्या पुढची छोटी झडप उघडून बारीक चक्री फिरवायची, मुंग्यांमधून हळूहळू चित्र वर यायचं, आणि मागून कुणीतरी मोठं माणूस सांगायचं की टीव्ही खराब होतो त्यानं. ‘९९९९ इन १’ लिहिलेल्या कॅसेटीत खेळ मूठभरच असत, पुनःपुन्हा तेच. पण त्या मूठभरांत मारिओ होता, कॉन्ट्रा होता, बंदुकीनं मारायची बदकं होती. उन्हाळ्याची सुट्टी त्यावर सहज निघायची.

या नकलांत उएमुरांच्या दोन मोठ्या चिपांचं काम पुढे एकाच तुकड्यात कोंबलं गेलं, आणि त्यावर काळ्या रेझिनचा थेंब टाकला गेला. माइक बहुतेकांत नव्हता. त्याऐवजी धडाधड गोळ्या झाडणारी दोन जादा बटणं होती. या नकलांचे पैसे निन्टेंडोला मिळाले नाहीत, हा अन्यायच. पण त्या नसत्या तर महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीला क्योटोतल्या त्या टेबलावर झालेला विचार हाताला लागलाच नसता. बोटाखालचं ते अधिक चिन्ह योकोईंचं होतं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. त्यांच्यापर्यंत आमचे आभारही पोचले नाहीत. आणि सप्टेंबर २००३ मध्ये तिकडे शेवटचा फॅमिकॉम जोडला गेला तेव्हा इकडे बाजारात त्याच्या नकला नव्या खोक्यांतून विकल्या जात होत्या.

आता यंत्रं वेगळ्या रीतीनं संपतात. मार्च २०२३ मध्ये निन्टेंडोनंच आपल्या वी यू आणि थ्रीडीएस या यंत्रांचं ऑनलाइन दुकान बंद केलं, आणि केवळ तिथंच मिळणारे कितीतरी खेळ विकत घेण्याची वाट बुजली. फॅमिकॉमच्या वाटेत अडथळा आला तो बाहेरून. २०११ मध्ये जपानच्या बहुतेक भागात जुनं ॲनालॉग प्रसारण बंद झालं. जुना फॅमिकॉम टीव्हीच्या ज्या ॲनालॉग चॅनेलवर चित्र पाठवायचा, त्याची घरात आलेल्या नव्या टीव्हींना ओळख उरली नाही. यंत्र चालतं असूनही लोक अडून बसले. मग हौशी माणसं सरसावली. आतून तार काढून चित्र सरळ टीव्हीला द्यायचं कसं, फुगलेले कपॅसिटर बदलायचे कसे, हे त्यांनी एकमेकांना शिकवलं.

उएमुरा निवृत्तीनंतर क्योटोच्या रित्सुमेकान विद्यापीठात खेळांच्या अभ्यासात रमले. डिसेंबर २०२१ मध्ये गेले. त्यांच्या यंत्रासाठी आजही नवे खेळ लिहिले जातात. लिहिणाऱ्यांतले कितीतरी जण १९८३ नंतर जन्मलेले. ते त्याच दोन किलोबाइटांत मावायचं बघतात, ढगाचं झुडूप करतात, कॅसेट बनवतात. अशी साठ पिनांची साधी कॅसेट कुणी आपल्या माळ्यावरच्या ‘लिटल मास्टर’मध्ये बसवली, तर बहुतेक वेळा ती तिथंही चालते.