प्रतिस्पर्ध्याचे ऋण

सप्टेंबर २००२ मध्ये पीट सॅम्प्रसने आंद्रे अगासीला हरवून अमेरिकन ओपन स्पर्धा जिंकली आणि त्यानंतर व्यावसायिक दौऱ्यावर तो एकही सामना खेळला नाही. वय ३१, नावावर १४ ग्रँड स्लॅम विजेतेपदे. पुरुषांच्या टेनिसमध्ये तोवर कोणीही इतकी मजल मारली नव्हती. सारे मिळवून झाले होते, म्हणून तो शांतपणे निघून गेला.

सात वर्षांनी, २००९ मध्ये, तो विक्रम मोडला जात असताना सॅम्प्रस स्वतः विम्बल्डनच्या प्रेक्षकांत बसला होता. रॉजर फेडररने पंधरावे विजेतेपद मिळवले तेव्हा त्याचे वय अवघे २७ होते. धन, कीर्ती, विक्रम, सारेच पदरात पडले होते. तरीही तो पुढे तेरा वर्षे खेळला. ही ओढ केवळ आकड्याची म्हणावी, तर आकडा केव्हाच हाती आला होता.

खरे कारण कोर्टाच्या पलीकडच्या बाजूला उभे होते. राफेल नदालचा डावखुरा, प्रचंड फिरकीचा फटका फेडररच्या एकहाती बॅकहँडवर खांद्याइतका उसळत असे, आणि त्यावर फेडररला कित्येक वर्षे उत्तर सापडत नव्हते. त्या दोघांतील ४० सामन्यांपैकी २४ नदालने जिंकले. अखेर तिशी ओलांडल्यावर फेडररने वर्षानुवर्षे वापरलेली ९० चौरस इंचांची रॅकेट सोडून ९७ इंचांची घेतली. जम बसलेल्या व्यापाऱ्याने उतारवयात पेढीची रीत बदलावी, तसेच हे धाडस होते. गुडघ्याच्या दुखण्यामुळे सहा महिने घरी बसून परतलेल्या या ३५ वर्षांच्या खेळाडूने २०१७ च्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात नदाललाच पाच सेटमध्ये नमवले, आणि तेही त्याच बॅकहँडच्या बळावर. नदाल नसता, तर हा नवा फेडरर जगाने पाहिलाच नसता.

नदालची कथा अधिक वेदनेची आहे. त्याच्या डाव्या पायातील एका हाडाला असाध्य विकार होता. २०२२ च्या फ्रेंच ओपनमध्ये पाय बधिर करणारी इंजेक्शने घेऊन तो खेळला आणि चौदाव्यांदा ती स्पर्धा जिंकला. विशेष म्हणजे, नवा पाय मिळणार असेल तर अंतिम सामना हरणेही आपण पत्करू, असे त्याने त्याच स्पर्धेच्या वेळी बोलून दाखवले होते. विक्रमाच्या हव्यासाने पछाडलेला माणूस असे बोलत नाही. मात्र ज्याला थांबता येत नाही तो माणूस असे बोलू शकतो, हेही तितकेच खरे.

नोव्हाक जोकोविच या दोघांमागून आला. प्रेक्षकांच्या मनातील जागा आधीच वाटली गेली होती. २०१९ च्या विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात, ३८ व्या वाढदिवसाच्या उंबरठ्यावर असलेल्या फेडररला विजयासाठी केवळ एक गुण हवा होता आणि अशा दोन संधी त्याच्या हाती होत्या. सर्व्हिसही त्याचीच होती. जवळजवळ सारे मैदान त्याचा जयघोष करीत होते. जोकोविचने दोन्ही संधी हिरावून घेतल्या आणि ४ तास ५७ मिनिटांनी सामना जिंकला. एकूण गुण फेडररचे अधिक होते, हा त्या दिवसाचा विलक्षण हिशेब. २०२१ च्या अमेरिकन ओपनच्या अंतिम सामन्यात तो हरत असताना प्रेक्षक प्रथमच त्याच्या बाजूने गर्जू लागले, तेव्हा हा कठोर माणूस टॉवेलमध्ये तोंड लपवून रडला. २४ विजेतेपदांमागे कोणती भूक होती, हे त्या क्षणाने सांगितले, असे म्हणण्यास जागा आहे.

फेडररने २०२२ मध्ये लंडनला निरोप घेतला, तो नदालच्या जोडीने दुहेरीचा सामना खेळून. नंतर दोघेही शेजारी बसून रडत होते. एकाचे जाणे हे दुसऱ्याच्याही आयुष्याचा एक भाग संपणे होते.

नदालही २०२४ मध्ये थांबला. मग जोकोविच कोणासाठी खेळतो? मार्गारेट कोर्टच्या २४ विजेतेपदांची त्याने बरोबरी केली आहे. पुढचा एक आकडा उरतो, एवढेच कारण पुरेसे वाटत नाही. २०२४ च्या जून महिन्यात गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली असताना ऑगस्टमध्ये, ३७ व्या वर्षी, त्याने पॅरिसला कार्लोस अल्काराझला हरवून आयुष्यातील पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवले. त्यानंतर तरी तो थांबेल, असे अनेकांना वाटले होते. त्याऐवजी वर्षअखेरीस त्याने प्रशिक्षक म्हणून अँडी मरेला बोलावले. मरे त्याच्याहून एका आठवड्याने मोठा, बालपणापासूनचा प्रतिस्पर्धी, आणि नुकताच निवृत्त झालेला. जानेवारी २०२५ मध्ये मेलबर्नला जोकोविचने अल्काराझला पुन्हा नमवले, तेव्हा ज्याच्याशी तो वर्षानुवर्षे झुंजला तोच मरे त्याच्या माणसांमध्ये बसलेला होता.