लांब पाठीची गाडी आणि मिरजेचा तंबोरा

लांब पाठीच्या गाडीला आपल्याकडे कधी मान मिळाला नाही. 1992 साली टाटांची ‘इस्टेट’ आली, 2004 मध्ये ‘इंडिगो मरिना’ आली. दोन्हींकडे पाहून आपली माणसं विचारायची, ‘ही ॲम्ब्युलन्स आहे का हो?’ डिकी कशी वेगळी, बाहेर आलेली हवी. त्याशिवाय गाडी घरंदाज दिसत नाही, अशी आपली ठाम समजूत. पुढे उंच गाड्यांची लाट आली आणि बिचाऱ्या इस्टेटचा विषयच मिटला.

जर्मनीत मात्र हिला फार मोठी मागणी. तिथे तिचं नाव ‘कॉम्बी’. माझी धाकटी बहीण श्टुटगार्टजवळच्या एका खेड्यात राहते. 2024 च्या मे महिन्यात मी तिच्याकडे गेले, तेव्हा दारात करड्या रंगाची स्कोडा ऑक्टेव्हिया कॉम्बी उभी होती. मागच्या दारावर ‘आरएस’ ही दोन अक्षरं. हीच ऑक्टेव्हिया 2001 पासून आपल्या औरंगाबादजवळच्या शेंद्र्यात जुळवली जात होती, त्यामुळे नाव ऐकून मला उगीचच माहेरचं कुणी भेटल्यासारखं वाटलं.

बहिणीची गाडी 2021 सालची, सेकंडहँड घेतलेली. दोन लिटरचं पेट्रोल इंजिन, 245 अश्वशक्ती, सात गिअरची ऑटोमॅटिक. ‘शाळेत मुलगा सोडायला आणि भाजी आणायला एवढी ताकद?’ मी विचारलं. तिने उत्तर दिलं नाही, मागचं दार उघडून दाखवलं. मागची सीट न पाडता 640 लिटर जागा, आणि एका बाजूची सीट पाडली की पाच फुटांचा मिरजेचा तंबोरा सरळ आडवा झोपतो. भोपळा दाराकडे, दांडी पुढच्या सीटच्या मागे.

हा तंबोरा तिच्या सासूबाईंचा, धारवाडच्या घरातला. बहीण दर शनिवारी मुलांना गाणं शिकवते, कधी या गावी, कधी त्या गावी. आधीची गाडी छोटी आणि हाताने गिअर टाकायची होती. तंबोरा पुढच्या सीटवर बसायचा आणि मेहुणे घरी राहायचे. त्यात 2022 मध्ये तिच्या डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. गुडघा चालण्यापुरता बरा झाला, पण क्लच दाबण्यापुरता झाला नाही. सिग्नलवर तीनदा थांबलं की रात्री पाय सुजायचा. खेड्यात बस तासाला एक, रविवारी तीही कमी. गाणं बंद करावं, असं तिने जवळजवळ ठरवलं होतं. हे तिने फोनवर आम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

ऑटोमॅटिक गाडीत डाव्या पायाला कामच नाही. तो बाजूच्या पायटीवर ठेवून विसरायचा. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही उजव्याच पायाने. आपल्याकडे अजूनही ‘ऑटोमॅटिक म्हणजे काय चालवणं’ असं म्हणणारे आहेत. त्यांनी दुखऱ्या गुडघ्याने चोर्ला घाट एकदा चढून पाहावा.

या गाडीतली यंत्रणा मला मेहुण्यांनी समजावून दिली. ते गदगकडचे इंजिनिअर, समजावण्याची हौस दांडगी. आत दोन क्लच, दोन्ही तेलात बुडालेले. एकाकडे एक-तीन-पाच-सात, दुसऱ्याकडे दोन-चार-सहा. तुम्ही तिसऱ्यात असता तेव्हा चौथा आधीच जुळवून तयार असतो. एक क्लच सुटतो त्याच क्षणी दुसरा धरतो. त्यामुळे धक्का नाही. फोक्सवॅगनने ही पद्धत 2003 मध्ये रोजच्या वापरातल्या गाडीत आणली. ‘बरोबर पंगतीत वाढल्यासारखं,’ बहीण म्हणाली. ‘पहिला भात संपायच्या आत दुसरा हजर.’

त्या रविवारी फ्रॉयडनश्टाट गावी काही कानडी-मराठी घरं जमणार होती आणि हिचं गाणं होतं. सरळ गेलं तर नव्वदेक किलोमीटर. पण मला दाखवायचं म्हणून तिने बाडेन-बाडेनचा वळसा घेतला. तिथून सुमारे साठ किलोमीटरचा डोंगरमाथ्यावरचा रस्ता फ्रॉयडनश्टाटला जातो. ‘ब्लॅक फॉरेस्ट’ म्हणतात ते जंगल हेच. केकमुळे आपल्याला नाव ठाऊक, एवढंच. फरची झाडं इतकी दाट की खाली दुपारीही संध्याकाळ वाटते.

चढ सुरू झाला. मागच्या सीटवर मेहुणे आणि भाचा, शेजारी तंबोरा. ‘सावकाश होडी,’ मेहुणे दर वळणाला म्हणत. ‘सावकाश’ हा शब्द मराठी की कानडी, यावर आमच्या दोन घरांत लग्नापासून वाद आहे. भाचा ‘दोड्डम्मा, नोड इल्लि’ म्हणत मला बाहेरचं दाखवायचा आणि आईशी मराठीत भांडायचा. घरात जर्मन जास्त कानावर येते. आपल्या दोन्ही भाषा मला या गाडीतच मनसोक्त ऐकू आल्या.

साध्या ऑक्टेव्हियापेक्षा ही दीड सेंटीमीटर खाली बसते, स्प्रिंगा जरा कडक. खड्ड्यात ते जाणवतं. बेळगाव-खानापूर रस्त्याच्या वाईट दिवसांत ही गाडी मी चालवायला घेतली नसती. पण घाटात उंच गाडीसारखी ती डुलत नाही, आणि म्हणून मागचा भोपळा जागचा हलला नाही. मेहुण्यांना उंच एसयूव्ही हवी होती. तंबोरा कमरेपर्यंत उचलायला लागू नये, म्हणून हिने खालच्या दाराची ही घेतली. आणि इंजिन? ‘ते माझ्या हौसेसाठी,’ ती म्हणाली. मला ते फार आवडलं. दुखण्यामुळे घेतलेल्या वस्तूतही थोडी हौस असावी.

वाटेत मुमेलझे नावाचं छोटं तळं लागतं, 1,036 मीटर उंचीवर. तिथे चहा मिळाला नाही, कॉफीवर भागवलं. पुढे एका ठिकाणी डोंगर उघडाबोडका, त्यावर तरुण झाडं. 26 डिसेंबर 1999 च्या ‘लोथार’ वादळात इथलं जंगल आडवं झालं. एक पट्टा मुद्दाम तसाच ठेवलाय. पडलेल्या ओंडक्यांमधून लाकडी पायवाट जाते. पाऊणएक किलोमीटर चालून बहीण गाडीत बसली तेव्हा गुडघा चोळत होती. पण तो गुडघा डावा. गाडी लगेच निघाली.

उतारावर तिने स्टिअरिंगमागची छोटी पट्टी दाबून गिअर खाली आणला. ऑटोमॅटिक आपणहून वरचा गिअर धरत जाते आणि मग सगळा भार ब्रेकवर येतो. घाट उतरताना गिअर आपल्या हातात ठेवावा. आपल्याकडे नव्याने ऑटोमॅटिक घेणाऱ्यांनी आंबोलीत हे जरूर करावं.

खर्च कमी नाही. डोंगरात शंभर किलोमीटरला आठ लिटरच्या वर पेट्रोल गेलं, आणि तेव्हा लिटरला पावणेदोन युरोच्या आसपास भाव होता. हिवाळ्याचे टायर वेगळे, दर दोन वर्षांनी सक्तीची तपासणी वेगळी.

गाणं छान झालं. परतताना रात्री मोटारवेवर वेगमर्यादा नसलेला पट्टा लागला. सल्ल्याचा वेग 130 चा. मागे मेहुणे झोपलेत हे आरशात पाहून तिने पाय दाबला. गाडी दोन गिअर खाली उतरली आणि आम्ही मिनिटभर 170 वर होतो. मी दाराची मूठ घट्ट धरली होती. तिचा डावा पाय पायटीवर निवांत होता.

पुढची गाडी विजेवर चालणारी घ्यायची, असं मेहुण्यांनी ठरवलं आहे. बहिणीने हो-नाही काही म्हटलेलं नाही. तंबोऱ्याची लांबी मात्र तिने त्यांच्या फोनमध्ये लिहून ठेवली आहे, शोरूममध्ये जाताना टेप बरोबर न्यायची सूचना देऊन.