आमच्या घरचा एल्फ

आमचे भावोजी क्रूझ जहाजावर काम करतात. दोन वर्षांपूर्वी मायामीहून सुट्टीवर येताना त्यांनी मुलांसाठी एक एल्फ आणला. लाल कपडे, टोकदार टोपी, आणि चोरट्यासारखे बाजूला बघणारे डोळे. २००५ साली अमेरिकेतल्या कॅरल एबरसोल्ड आणि त्यांच्या मुलीने लिहिलेल्या पुस्तकातून हा प्रकार पसरला. एल्फने दिवसभर फळीवर बसून मुलांवर लक्ष ठेवायचं, रात्री सांताला रिपोर्ट द्यायचा आणि सकाळी भलत्याच जागी सापडायचं. मुलांनी हात लावला की जादू गेली. चोवीसच्या रात्री तो सांताबरोबर परत जातो. मला तो जरा चुगलखोरच वाटतो. कुमसाराला निदान आपली पापं आपण सांगतो!

गेल्या नाताळात भावोजी रजेवर होते, त्यामुळे सगळ्या खोड्या त्यांच्याच. यंदा त्यांचं कॉन्ट्रॅक्ट मार्चपर्यंत. ताई मुलांना घेऊन आमच्याकडे बेळगावला आली आणि एल्फ माझ्या गळ्यात पडला, तोही ऐन परीक्षेत.

पहिल्या रात्री बर्फ म्हणून मी त्याला साखरेत लोळवलं. सकाळी तो मुंग्यांनी काळा झालेला. "अगं, कुलकुलांची साखर ती!" आजी ओरडली. दुसऱ्या रात्री त्याला गोठ्यात मेंढपाळांच्या रांगेत उभा केला. आजीने पहाटेच उचलून टीव्हीशेजारी ठेवला. "बाळ येशू यायचाय अजून, आणि हा कोण आधीच घुसलाय?"

चार वर्षांचा भाचा रडायलाच लागला. "आजीने हात लावला! जादू गेली!"

"साठीच्या पुढच्यांना चालतं," मी ठोकून दिलं.

भाची सात वर्षांची. ती काही हसली नाही. "मावशी, गेल्या वर्षी तो चिठ्ठी लिहायचा."

त्या रात्री मी चिठ्ठी लिहिली. इंग्रजीत, मोठ्या अक्षरात, भावोजी लिहितील तशी. सकाळी तिने भावाला ती वाचून दाखवली, मग कागद बराच वेळ हातात धरून उभी राहिली. "त्याचा आर असा नव्हता," एवढंच म्हणाली आणि दात घासायला गेली.

पुढच्या रात्री मी पुस्तकावरच झोपले. सहाला दचकून जाग आली. एल्फ हलवायचा राहिला! धावत स्वयंपाकघरात गेले तर स्वारी खवणीवर घोड्यासारखी बसलेली, शेजारी पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी: 'हात लाऊ नका. आजीने सुध्दा.' भाचा आनंदाने उड्या मारत होता. भाची दारात उभी राहून छताकडे बघत होती. मीही छताकडे बघितलं.

मग आम्ही वाटणीच केली, न बोलता. एक दिवस माझा, एक तिचा. तिच्या खोड्या माझ्यापेक्षा बऱ्या असत.

चोवीसला सगळे मिस्सेसाठी तयार होत असताना तिने मला हळूच आतल्या खोलीत बोलावलं. एल्फ रुमालात गुंडाळलेला.

"मम्मीच्या बॅगेत अगदी खाली ठेव. मार्चमध्ये पप्पांना द्यायचाय."

मी ठेवला.

"आणि ती चिठ्ठी पण. माझी नको, तुझी. पप्पा खूप हसतील."