मेणाचं घर

मुलांनो, थंडीत ओठ फुटले की आपण मलम लावतो. त्यात पुष्कळदा मधमाशीचं मेण असतं, ठाऊक आहे?

चला, महाबळेश्वरजवळच्या मांघरला जाऊ. २०२२ साली हे ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झालं. इथे झाडाखाली लाकडी पेट्या दिसतील. त्यांत सातेरी माश्या राहतात. कामकरी माशीच्या पोटाखालून मेणाचे पापुद्रे निघतात. ते चावून मऊ करायचे नि सहा कोनांची घरं बांधायची! माझी आजी असलंच मेण खोबरेलात वितळवून टाचांच्या भेगांत भरायची. आम्ही चिकट म्हणून नाक मुरडायचो, पण तिचं लंगडणं थांबायचं.

पूर्वी रानात धूर करून पोळं पिळत. माश्या मरत, अळ्याही चिरडत. पेटीतल्या चौकटी मधयंत्रात फिरवल्या की मध तेवढा बाहेर येतो, पोळं शाबूत! माश्यांपुरता मध मात्र मागे ठेवायचा. आणि हो, फुलोऱ्यावर औषध फवारलं, तर पेटी असून काय उपयोग?

आमच्या शाळेच्या कुंपणात यंदा फुलोरी माश्यांचं पोळं लागलंय. एक काका चूड पेटवून निघाले होते. चौथीच्या मुलींनी त्यांना अडवलं. आता आम्ही सगळे मागच्या फाटकाने येतो.