आधी कंप्युटरात, मग ट्यूबमध्ये

माकडताप म्हणजे काय, हे आमच्या इन्सुली-बांदा पट्ट्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. २०१६ साली दोडामार्गात आणि २०१७ साली बांद्याच्या आसपास काजीच्या बागेत जाणारी धडधाकट माणसं आडवी झाली. काही परत उठलीच नाहीत. जुनी लस कमी पडली, म्हणून तिचा वापर थांबला. त्यामुळे प्रयोगशाळेत काय चालतं, हा आपल्या पोटापाण्याचा प्रश्न आहे.

तपासणीचं किट किंवा लस बनवायचा एक मार्ग असा: विषाणूचं एकच जनुक घ्यायचं, त्याची डीएनए प्रत प्लाझ्मिड नावाच्या छोट्या गोल कड्यात बसवायची आणि ते कडं जिवाणूत किंवा यीस्टमध्ये सोडायचं. मग तो जीव आपल्याला हवं ते प्रथिन बनवतो. हेच डीएनए क्लोनिंग. हिपॅटायटिस-बीची लस अशीच यीस्टमध्ये बनते.

ही कापाकापी-जोडाजोडी आता आधी कंप्युटरवर करून बघतात. चहाच्या टपरीवर हे सांगितलं तर एक काका म्हणाले, "कंप्युटरात वायरस घालतत की काय रे?"

नाही काका, फक्त त्याची अक्षरं! माकडतापाच्या विषाणूचा जनुकीय मजकूर जेमतेम ११ हजार अक्षरांचा, आणि तो सगळ्यांना खुला आहे. 'इको आर वन' नावाचं विकर जीएएटीटीसी ही सहा अक्षरं दिसली की तिथे कापतं. ती आपल्या जनुकाच्या मधेच असली तर जनुकाचेच तुकडे! प्रथिनाची भाषा तीन-तीन अक्षरांची. जोडताना एक अक्षर सरकलं की पुढचं सगळं बिघडलं. स्नॅपजीन, बेंचलिंगसारखी सॉफ्टवेअर हे मिनिटांत दाखवतात. नाहीतर महागडी रसायनं संपल्यावर, काही आठवड्यांनी कळणार.

अर्थात जिवाणू ते प्रथिन नीट बनवील याची खात्री कंप्युटर देत नाही. ते प्रयोगातच कळतं. आणि जिवंत विषाणूचं काम पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेसारख्या कडेकोट जागीच व्हायला हवं.

पण आराखडा मांडायला साधा लॅपटॉप पुरतो. यातली काही सॉफ्टवेअर शिकणाऱ्यांना फुकट मिळतात. मग जिल्ह्यातल्या कॉलेजांत हे का शिकवू नये? विमानतळासाठी आपण वर्षानुवर्षं बोललो. आता येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला हेही विचारा. काजीचा हंगाम दरवर्षी येतो, आणि गोचीडही.